एक तारखेची टकटक

खालच्या मजल्यावरच्या मोरी-सानचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. "आज एक तारीख. दामले-सान आले नाहीत," त्या म्हणाल्या. "मी वर जाऊन दार वाजवलं. आतून काहीच नाही." ऐंशी ओलांडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाई जिना चढून गेल्या, यातच सगळं आलं. आमचे घरमालक दामलेकाका खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते. त्याला दोन महिने झाले. मला अजून रडू आलेलं नाही. ट्रेन पकडते, कचरा वेगळा करून ठेवते, एवढंच चाललंय.

दामलेकाका मूळचे पुण्याचे. बँकेच्या पोस्टिंगवर जपानमध्ये कोबेला आले आणि निवृत्त झाल्यावर परत गेलेच नाहीत. काकू गेल्यावर त्यांनी स्टेशनमागची जुनी दोन मजली इमारत घेतली, वर एका खोलीत स्वतः राहिले आणि बाकीच्या भाड्याने दिल्या. मी पोस्टडॉक म्हणून आले तेव्हा परदेशी म्हणून मला कुणी घर देईना. मोरी-सानना एकट्या म्हाताऱ्या म्हणून देईना. इथल्या घरमालकांना धास्ती दोनच गोष्टींची... भाडं थकेल, नाहीतर भाडेकरू आतल्या आत मरून पडेल. काकांनी आम्हा दोघींनाही ठेवून घेतलं.

पहिल्या धास्तीवर उपाय होता. मोरी-सानना घरभाड्यासाठी सरकारी मदत मिळायची. अर्ज केला तर वॉर्ड ऑफिस ती थेट मालकाच्या खात्यात भरतं, हे काकांनी खेटे घालून शोधून काढलं. मग काय, गल्लीतले घरमालक सल्ल्याला येऊ लागले. काका पुणेरी ठसक्याच्या जपानीत त्यांना सुनवायचे की मदतीची मर्यादा बघून भाडं वाढवू नका, लगेच आपल्या पोळीवर तूप ओढू नका. मंडळी माना डोलवायची आणि काकांच्या चकल्या संपवून जायची.

दुसऱ्या धास्तीवर मात्र कुठल्याच ऑफिसकडे उपाय नव्हता. म्हणून भाडं परस्पर खात्यात येत असूनही काका दर एक तारखेला दोन पेले घेऊन खाली जायचे आणि दार वाजवायचे. "मोरी-सान, आहात ना?" आतून उत्तर यायचं, "आहे अजून." मग मोरी-सान चहा ओतायच्या आणि दोघं दारातच उभ्याने प्यायचे. भाडं तर बँकेत येतं, मग ही उठाठेव कशाला, असं मी एकदा विचारलं होतं.

"अगं, भाडं आलं म्हणून बाई बरी आहे, असं बँक थोडीच सांगते," काका म्हणाले.

आता इमारत मुग्धाची, काकांच्या मुलीची. ती दुसऱ्या शहरात, उरायासुला असते, जपानमध्येच वाढलेली, मराठीत विचारलं तरी जपानीत उत्तर देणारी. रिकामी केली तर इमारत लवकर विकली जाईल, असं एजंटने तिला सांगून ठेवलेलं. मोरी-सानना या वयात दुसरं घर मिळणार नाही, एवढंच मी परवा काकांची खोली आवरताना तिला म्हणाले. तिने ते दोन पेले पेपरात गुंडाळले... थोड्या वेळाने पुन्हा सोडवले आणि खाली गेली. परवाही एक तारीख होती. मी जिन्यात थांबले.

तिने दार वाजवलं. शब्द अगदी काकांचेच. "मोरी-सान, आहात ना?"

आत पावलं घासत दारापर्यंत आली. मग आतून, अगदी हळू, "आहे अजून."

"राहा मग," मुग्धा म्हणाली आणि दार उघडल्यावर तिने पेले पुढे केले.