गोलकीपरचा आवाज
परवा ब्राउनश्वाइगमध्ये शाळेच्या मैदानाजवळून जाताना नुकत्याच कापलेल्या ओल्या गवताचा वास आला आणि मुलीची शाळेतली पहिली फुटबॉल मॅच आठवली. पुण्याहून इथे येऊन तिला वर्ष होत आलं होतं, पण जर्मन चुकेल या भीतीने ती वर्गात तोंडच उघडत नसे; बाईंनी तर तिला एक इयत्ता मागे बसवायचं सुचवलं होतं. खेळाच्या सरांनी मात्र उंची बघून तिला गोलकीपर केलं. मॅचच्या दिवशी बोचरं वारं सुटलं होतं आणि पुण्याहून आलेले माझे सासरे मफलर गुंडाळून शेजारी उभे होते. खेळ सुरू झाला आणि गोलमधून खणखणीत आवाज आला, "लिंक्स! त्सुरुक!" तशा तिच्या संघातल्या धिप्पाड मुली मुकाट्याने डावीकडे सरकल्या, मागे आल्या. सासऱ्यांनी विचारलं, "अगं, ही आपलीच का?" "हो बाबा, आपलीच." "काय सांगतेय त्यांना?" "कोणी कुठे उभं राहायचं ते." ते हसून म्हणाले, "घरी विचारलं तर नुसती मान हलवते." आमची शाळा हरली, पण मुलींनी तिला मिठ्या मारल्या, आणि परतताना ट्रॅममध्ये ती बसलेल्या आवाजात आजोबांना प्रत्येक गोल समजावत राहिली. पुढच्या आठवड्यात तिने वर्गात पहिल्यांदा हात वर केला. वाक्य चुकलं, तरी ती ते शेवटपर्यंत बोलली. आता ती कोलोनला शिकते आणि फोनवर इतकं बोलते, की मधे मला एखादं वाक्य घुसवता आलं तरी पुष्कळ.