नानांचा लॅपटॉप झोपत नव्हता तेव्हा

अप-डाउन करणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. बसच्या सीटखाली शेंगांची टरफलं साचतात तसे ते आपोआप साचतात! मी पिंप्राळ्यात राहतो आणि धुळ्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. बसमध्ये माझ्यासोबत दोघं ठरलेले. एक मराठी शिकवणारे नाना, ते नशिराबादहून येऊन जळगावला बस पकडतात. दुसरे सलीमभाई, त्यांचं कॉलेजसमोर लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे.

नाना या वर्षी रिटायर होणार होते. त्याआधी त्यांना खान्देशी शब्दांचा कोश पुरा करायचा होता. गावोगावच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेले शब्द ते कॉलेजनं दिलेल्या लॅपटॉपवर टाइप करायचे. त्यातल्या काही म्हाताऱ्या आता नाहीत. शब्द हरवला तर परत विचारायला माणूसच नाही! हे सगळं सांगताना आज हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

*

लॅपटॉपवर लिनक्स मीच टाकलं होतं. "झाकण लावलं की मशीन झोपतं," असं नानांना छातीठोक सांगितलं होतं.

कोश सुरू होऊन आठवडाच झाला होता. एरंडोल सोडलं आणि पुढच्या सीटवरच्या बाई ताडकन उभ्या राहिल्या. "ओ भाऊ, या बॅगमा काय शे? मना पाय भाजी गया ना!"

कंडक्टरनं बस थांबवली. अख्खी बस खाली! नानांची बॅग रस्त्याच्या कडेला एकटी, आतून घर्रघर्र आवाज. कुणी जवळ जाईना. शेवटी मी जीव मुठीत धरून चेन उघडली. लॅपटॉप झोपलाच नव्हता! बंद बॅगेत पंखा फिरवत जागा बसला होता. मी झाकण उघडेपर्यंत बॅटरी संपली आणि आठवड्याचे शब्द गेले.

"नाना, सेव्ह करत चला," मी म्हणालो. नानांनी मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ मला सहा महिन्यांनी कळला.

*

"झोप नकोच," दुसऱ्या दिवशी बसमध्ये सलीमभाई म्हणाले. "हायबरनेट करू. स्क्रीनवर जे काही उघडं असेल ते सगळं डिस्कवर लिहून ठेवायचं आणि मशीन पूर्ण बंद. परत चालू केलं की जिथे होतो तिथे!"

ऐकायला सोपं वाटलं. मी कमांड दिली, तर लॅपटॉपनं उलट उत्तर दिलं की जागा पुरत नाही. लिनक्समध्ये त्यासाठी स्वॅप नावाची जागा डिस्कवर राखून ठेवावी लागते. आमची होती दोन जीबी, मेमरी आठ जीबी.

सलीमभाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला खाली उतरून पुढची बस पकडावीशी वाटली. "सर, घर बदलायला टेम्पो लागतो. तुम्ही लूना घेऊन आलात!"

*

स्वॅप वाढवली. पुढचं उत्तर आलं की मशीनची सुरक्षा चालू आहे, हायबरनेशनला बंदी! ती सुरक्षा सेटिंगमध्ये जाऊन बंद करायची, काम दोन मिनिटांचं. पण लॅपटॉप कॉलेजचा. प्राचार्य म्हणाले, "लेखी अर्ज द्या."

दिला. विषय : लॅपटॉपला झोपता यावे यासाठी त्याची सुरक्षा बंद करणेबाबत.

तीन दिवसांनी अर्ज परत आला. त्यावर लाल शाईत शेरा होता : "कामाच्या वेळेत झोपण्याची आवश्यकता स्पष्ट करावी."

मी शेरा चार वेळा वाचला. शेवटी समजावून सांगायला नानाच आत गेले आणि परवानगी घेऊन बाहेर आले. आत काय बोलले ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही.

*

मग मशीन झोपलं. पण उठलं ते कोरं! डिस्कवरच्या कुठल्या जागेतून उठायचं तो पत्ता मी लिहिला होता, त्यात एक आकडा चुकलेला. तो सापडायला रविवार गेला. नशिराबादला नानांच्या ओट्यावर आम्ही तिघं, आणि नानांच्या घरच्या, म्हणजे अक्का, चहावर चहा आणतायत.

शेवटी जमलं! चार्जर काढला, बॅटरी काढली, परत लावली, बटण दाबलं. अर्धवट टाइप केलेला शब्द, त्याच्यापुढे लुकलुकणारा कर्सर, सगळं जागच्या जागी. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बठ्ठं जसंना तसं शे!"

अक्का पदराला हात पुसत, नानांकडे बघत म्हणाल्या, "आन् ह्या दुपारले जेयीसन झोपतस, उठीसन इचारतस, आज कोनता वार शे?"

*

कॉलेजात बोभाटा झाला. प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये प्रात्यक्षिक ठेवलं. मी ऐटीत माझाच लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला आणि बटण दाबलं.

भिंतीवर उजळला जळगावच्या एका कॉलेजचा नोकरीचा अर्ज! आदल्या दिवशी भरता भरता हायबरनेट केलेला. रकाना होता "सध्याची नोकरी सोडण्याचे कारण", आणि त्यात माझा एकच शब्द : "प्राचार्यांचा".

पुढे कर्सर लुकलुकत होता. झाकण लावायचंसुद्धा सुचेना.

प्राचार्यांनी चष्मा लावला, वाचलं आणि शांतपणे विचारलं, "पुढे काय लिहिणार होतात?"

*

छापखान्याला कोश द्यायला आठ दिवस राहिले होते. मी पेनड्राइव्ह घेऊन नशिराबादला गेलो. फाइल कुठे आहे विचारलं, तर नानांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. वर नाव होतं, "अनटायटल्ड १". सहा महिन्यांचा कोश, एकदाही सेव्ह न केलेला! रोज हायबरनेट करायचा आणि रोज उठवायचा!

मी विचारलं, "नाना, सेव्ह का नाही केलं?"

"ते नाव मागतं," नाना म्हणाले. "अजून 'ह' बाकी शे. बारसाना आधी नाव ठेवतस का कोनी?"

मी हातापाया पडलो, ओरडलो. नाना ढिम्म! नाव न देता सेव्ह करा म्हणाले. स्क्रीनवर नावाचा चौकोन उघडा, बॅटरी लाल, माझं बोट अधांतरी.

अक्का आतूनच म्हणाल्या, "आते नुसतं बाळ म्हना."

नानांनी विचार केला आणि मान हलवली. मी "बाळ" टाइप केलं, पेनड्राइव्हवर एक प्रत घेतली आणि पेनड्राइव्ह अक्कांच्या हातात दिला. माझा नानांवर विश्वास उरला नव्हता.

चौथ्या दिवशी पारोळ्याजवळ नानांनी बटण दाबलं. काहीच नाही. दुकानात सलीमभाईंनी मशीन खोललं, तासभर खटपट केली, मग स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. डिस्क गेली होती. "नाना, यातून काही निघणार नाही."

परतीच्या बसमध्ये जळगाव आलं तेव्हा नाना म्हणाले, "मना शब्द कोठे गयात?" आता सगळा भरवसा अक्कांकडच्या प्रतीवर, पण अक्कांना पेनड्राइव्ह म्हणजे काय ते नीट सांगितलं होतं का, हेच मला आठवेना!

तिघंही तसेच नशिराबादला गेलो. नाना दारातूनच ओरडले, "बाळ कोठे शे?"

अक्का आत गेल्या. मऊ दुपट्याची घडी घेऊन आल्या आणि ओट्यावर उलगडली. आत पेनड्राइव्ह. सलीमभाईंनी झडप घालून तो उचलला, सोबत आणलेल्या लॅपटॉपला लावणार तोच थांबले. एका कोपऱ्यावर काळा ठिपका होता. काजळाची तीट.

सलीमभाईंनी पुसायला रुमाल काढला.

"ओ भाऊ, पुसू नका!" अक्का ओरडल्या. "तशीच ऱ्हाऊ द्या!"