गणपतीचं खातं

आमच्या घरात ईमेलचं पहिलं खातं माझं आहे आणि दुसरं गणपतीचं.

हे खातं काढायची वेळ आली ती आमच्या जावयांमुळे. माझे नव्हे, सासूबाईंचे जावई, म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. बंगलोरला राहतात, साहेबी नोकरीतून निवृत्त झालेत, पण साहेबी अजून निवृत्त झालेली नाही. माझ्या मुलीचं, प्राचीचं लग्न ठरलं आणि त्यांचा फोन आला. "वहिनी, व्हॉट्सॲपवर पत्रिका टाकू नका. तिथे लोक सकाळ-संध्याकाळ फुलं टाकतात. रीतसर ईमेल आला तर येऊ, नाहीतर आम्हाला बोलावलंच नाही असं समजू!"

सासूबाईंनी लगेच दुसरी तोफ डागली. "माहा एकुलता एक जावई नाही आला, तं मी मांडवात पाय ठेवत नाही!"

म्हणजे लग्न माझ्या मुलीचं आणि किल्ली एका ईमेलात! प्राची नागपूरला नोकरीला. तिला विचारलं असतं तर दोन मिनिटांत काम झालं असतं. म्हणूनच विचारलं नाही. पांढरकवड्यात मी एकटी पिठाची चक्की चालवते, मोटारीचा पट्टा स्वतः चढवते. मला एक फुकटचं खातं उघडता येऊ नये?

प्राचीचा जुना लॅपटॉप काढला आणि बसले. नाव टाकलं, तर म्हणे हे नाव आधीच कुणीतरी घेतलंय. (माझ्या नावाची आणखी एक बाई आहे हे कळून मला जरा रागच आला.) पासवर्ड दिला, तर म्हणे कमकुवत आहे. मी तो इतका मजबूत केला, की तो मलाच तीनदा टाकता आला नाही!

"जमून राह्यलं का?" दारातून आमच्या ह्यांनी विचारलं.

"झालं! हे पाहा, खातं उघडलं!"

"मंग चक्की बंद करून बँकच उघड आता," असं म्हणून ते शेतावर निघून गेले.

पत्रिकेचा फोटो क्लिपच्या चिन्हावर बोट ठेवून जोडला. जावयांचा पत्ता टाकणार, तेवढ्यात सासूबाईंनी माझा हात धरला.

"थांब! पयली पत्रिका कोणाले जाते?"

"गणपतीला. पण आई, छापील पत्रिका गणपतीपुढे ठेवून झाली ना!"

"ते कागदाची झाली. हे येगळी हाय. देवाले सोडून जावयाले पयले देतं का कोनी? काही रीतभात?"

वाद घालण्यापेक्षा दळण दळणं सोपं. मी 'श्रीगणपती' लिहिलं, त्यापुढे पांढरकवडा लिहिलं, मग ते शेपटीवालं गोल चिन्ह आणि पुढचं सगळं. दिलं पाठवून. देव काय, कुठल्याही पत्त्यावर घेतो!

पण घेतलं नाही. क्षणात उत्तर हजर!

"पाय वं, देवाचं उत्तर आलं!" सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतला. "वाच, वाच!"

मी (मूर्खासारखं) मोठ्याने वाचलं. "हा पत्ता सापडला नाही. तुमचा संदेश पोहोचू शकला नाही."

मग सासूबाई मटकन खाली बसल्या. "बाप्पा! देवानं पत्रिका वापस केली! लगन पुढं ढकला!"

"अहो आई, देवाचं तिथे खातंच नाही, म्हणून आली परत!"

"नाही तं काढून दे ना मंग! तुले तं येते म्हन्ते!"

म्हटलं, बरोबर आहे. खातं फुकट, मग देवाचं का नको? बसले पुन्हा. मोबाईल नंबर माझाच दिला. जन्मतारीख मागितली.

"माघातली चतुर्थी," सासूबाई म्हणाल्या.

"आणि साल?"

"त्याले साल कुठचं? तो अनादी हाय."

अनादी साल त्या यादीत नव्हतं. मी सासऱ्यांचं टाकलं. खातं उघडलं. पत्रिका पाठवली. गेली!

"पन त्यानं वाचली का?"

मग मी गणपतीच्या खात्यात शिरून पत्रिका उघडून दाखवली. सासूबाईंनी लॅपटॉपला हात जोडले, मीही (घाईघाईने) जोडले, आणि त्याच झपाट्यात जावयांनाही पत्रिका पाठवून टाकली.

पुढचे कितीतरी दिवस उत्तर नाही. माझं खातं उघडावं तर तिथे तेच, पत्ता सापडला नाही. सासूबाईंनी जेवण कमी केलं. हे येता-जाता विचारायचे, "काय मॅनेजर, बँक बुडाली का?"

मग नणंदेचा फोन आला. "वहिनी! तुम्ही काय पाठवलं हो? ह्यांनी ईमेल उघडला आणि पायातली चप्पलच काढली! नाव आलं होतं, 'श्री गणपती, पांढरकवडा'. आणि खाली, 'आपण सहकुटुंब यावे'. लगेच उत्तर लिहिलं, 'देवा, येतो.' मिळालं नाही का?"

मिळालं होतं. देवाला! पत्रिका मी त्याच्याच खात्यातून पाठवली होती.

जावई आले. हळदीच्या आधीच आले! मांडवात ज्याला-त्याला सांगत होते, "तुम्हाला ह्यांनी बोलावलं असेल, मला साक्षात गणपतीनं बोलावलं!" सासूबाई सगळ्यांत पुढच्या खुर्चीवर बसल्या, आणि आमचे हे मला पहिल्यांदाच चारचौघांत म्हणाले, "मानलं तुले!"

तेव्हापासून सगळ्या नातेवाइकांकडे तोच पत्ता आहे. बारशाची आमंत्रणं, निकाल, परीक्षेआधीचे नवस, सगळं गणपतीला येतं. मीच वाचते, मीच उत्तर देते. चक्कीची मोठी गिऱ्हाइकंही त्यालाच लिहितात. त्याच्या खात्यातून 'दळण तयार आहे' असं कळवलं की लोक ताबडतोब येतात.

आणि मी मोठ्या हौसेनं उघडलेल्या माझ्या खात्यात आजही एकच पत्र आहे: "हा पत्ता सापडला नाही."