दुःखाने ढकला

कोरोनात लोणावळ्याची हॉटेलं ओस पडली होती, म्हणून आमच्या दिग्दर्शकाने जवळच्याच कुसगावातल्या एका हॉटेलात युरोपातल्या तीनशे वर्षं जुन्या धार्मिक संगीतिकेचा सिनेमा काढायला घेतला. मी ध्वनिमुद्रणाला होतो. माणसं मरत होती, पण कला थांबून कसं चालेल?

संताच्या प्रेताला खांदा द्यायचा प्रसंग होता आणि नियमाप्रमाणे कुणी कुणाला शिवायचं नव्हतं. मग प्रेत हॉटेलच्या सामानाच्या ट्रॉलीवर निजवलं, वर मखमल घातली आणि ढकलायला तिथलाच सामान वाहणारा माणूस घेतला. त्याचं नाव कुणी विचारलं नाही. सवयीने तो दर वेळी संताला लिफ्टपाशी नेऊन अदबीने बाजूला उभा राहायचा.

"भाऊ, जरा दुःखाने ढकला!" दिग्दर्शक वैतागला.

दांडा सॅनिटायझरने पुसत तो म्हणाला, "साहेब, आमच्या आबालाबी चाकावरच नेलं. आमाला मसणाच्या गेटाच्या आत घेतलं न्हाई. दुःखानं कसं ढकलत्यात, ते मी बघितलंच न्हाई."

दिग्दर्शकाचे डोळे चमकले. "हेच! हेच दुःख चेहऱ्यावर हवं!"

मी कॅमेऱ्यात डोकावलो. चौकटीत त्याची फक्त मनगटं येत होती.