रंगाखालचं इंजन

मला जुन्या यंत्रांचे नंबर वाचायचा नाद आहे. लग्नाला गेलं की माणसं आधी पंगतीकडं बघतात, मी मांडवामागच्या जनरेटरकडं जातो. गुडघे टेकतो, मोबाईलची बॅटरी लावतो आणि कारखान्यानं त्याच्या अंगावर ठोकलेला नंबर शोधतो. माझ्यासारख्याच वाया गेलेल्या लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. नंबर सापडला की तिथं टाकायचा. मग कुणीतरी सांगतं, हे यंत्र कुठल्या देशात बनलं, साधारण कधी बनलं, कुठल्या बंदरात उतरलं. आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीचं जुनं इंजन हैदराबादमार्गे माजलगावला आलं, हे मी असंच शोधून काढलं आणि धावत घरी येऊन सांगितलं. बायको म्हणाली, "मग? आता परत जायचं भाडं मागतंय का ते?"

तर अशा माणसाला कुणी कामासाठी बोलावील असं मला वाटलं नव्हतं. पण यंदा दसऱ्याच्या थोडं आधी दिंद्रुडहून आत्याचा फोन आला. आत्या म्हणजे वडलांची धाकटी बहीण, ऐंशीच्या घरातली.

"तुझे ते आकडे बघायचे डोळे घेऊन ये," ती म्हणाली. "तुझा भाऊ इंजन इकायला निघालाय."

भाऊ म्हणजे तिचा मुलगा, माझ्याच वयाचा. त्याच्या शेतातल्या विहिरीवर सौर पंप यायचा होता. प्लेटा बसवायला उन्हाची मोकळी जागा लागते, आणि नेमकी त्या जागेवर पत्र्याची खोली होती. खोलीत मामांचं डिझेल इंजन. मामा म्हणजे आत्याचे यजमान. जाऊन बरीच वर्षं झाली. विजेची मोटार आल्यापासून इंजन बंदच होतं, पण आत्या दर दसऱ्याला त्याची पूजा करायची. आईनं स्वतः हळदकुंकू लावलेली वस्तू भंगारात घालायची कशी, म्हणून भाऊही इतकी वर्षं गप्प होता. बरा माणूस आहे तो, फक्त बोलतो वाईट.

मी मोटारसायकल लावतोय तोच म्हणाला, "आला का इंजनाचा डॉक्टर! नाडी बघ बे, अन् मेलं म्हणून सांग एकदाचं."

"मेलं म्हणू नको," खोलीच्या दारात बसलेली आत्या म्हणाली. "चालत न्हाई एवढंच. मी तरी कुठं चालती?"

"अगं, पण ते आपलं न्हाईच." भाऊ माझ्याकडं वळला. "मी शाळेत असताना हे माजलगावला फिटरकडं गेलतं. अख्खा उन्हाळा तिथं पडून व्हतं. गावोगावची इंजनं उघडून पडलेली असायची त्याच्याकडं. परत आलं तवा दादाच म्हणले, आवाज बदललाय. ही कुणाच्या तरी इंजनाला लई वर्षं कुंकू लावती." दादा म्हणजे मामाच, वडलांना तो दादा म्हणायचा.

"मला त्याचा नंबर पाठ हाय," आत्या म्हणाली.

ते खरं होतं. आत्या नवरी होऊन या घरात आली त्याच हंगामात इंजन आलं. गावातल्या बायकांनी उंबऱ्यावर अडवून उखाणा मागितला तर हिला एकही येईना. मग मामांनीच नंतर एक जुळवून दिला. आत्याला लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी तिचं बोट धरून इंजनावरच्या आकड्यांवरून फिरवलं. तिला आजही इंग्रजी आकडे तेवढे चारच येतात. एसटी आली की त्या चारांपैकी एखादा नंबरच्या पाटीवर दिसला तरच तिला गाडी ओळखीची वाटते. आणि नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून निघालं ते जन्मभर त्या एकाच उखाण्यात.

"नंबर जुळला तर ऱ्हाऊ द्या. न्हाई जुळला तर न्या," आत्या म्हणाली. "दुसऱ्याचं धन मला कशाला?"

हे बोलताना तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं, ते मी पाहिलं.

आता नंबर वाचायचा तर दिसायला हवा. आमच्याकडं दसऱ्याला यंत्राची नुसती पूजा करून भागत नाही, आधी रंग द्यावा लागतो. आणि त्यासाठी कुणी वेगळा डबा आणत नाही. घरात जो उरलेला असेल तो. मी थिनर आणि तारेचा ब्रश घेऊन इंजनाच्या अंगावरची पितळी पट्टी घासायला बसलो. आधी गुलाबी निघाला. शाळेची भिंत रंगवून उरलेला, भाऊ तेव्हा शाळा समितीवर होता. त्याखाली ट्रॉलीचा निळा. त्याखाली हिरवा, बहिणीच्या लग्नात दारांना दिलेला. "ह्यो चंदेरी कावून दिला व्हता गं?" भाऊ वाकून बघत म्हणाला. आत्याला आठवत होतं. कणगीच्या पत्र्याला आणला होता. भंगारवाल्याचा टेम्पो येणार म्हणून घाई करणारा हा माणूस आता माझ्या खांद्यावरून पुढचा थर कुठला निघतो ते बघत होता.

शेवटी पितळ चमकलं आणि आकडे दिसले. ते आत्याचे नव्हते.

मी ब्रश खाली ठेवला. जिंकल्याचा आनंद काही भावाच्या तोंडावर दिसला नाही. खोटं सांगावं असं माझ्या मनात आलं, पण तेवढ्यात आत्याच उठून आली. पट्टीवरून तिनं बोट फिरवलं, परत फिरवलं.

"यात माझा नुसता सातच हाय," ती म्हणाली. "बाकीचे वळखीचे न्हाईत."

ती परत जाऊन बसली. "म्हंजे मीच इसरले आसंन. आता काय काय इसरले आसंन कुणाला ठावं." आणि मग अगदी हळू, स्वतःलाच तपासून बघावं तसा तिनं उखाणा म्हटला. नावं मी इथं देत नाही, आत्या रागावेल.

"विहिरीवर इंजन, इंजनाला चाक,
पाणी जातं पाटानं, मारू नका हाक;
चाकावर आकडा सात-चार-पाच-एक,
अमुकरावांचं नाव घेते तमक्यांची लेक."

मी हा उखाणा लहानपणापासून शंभरदा ऐकला असेन. प्रत्येक हळदीकुंकवात आत्याला तो म्हणायला लावायचे. आणि मी, गावभर जनरेटरखाली आडवा होणारा मी, नंबर पट्टीवरच असतो असं धरून बसलो होतो. अशा इंजनांच्या चाकावरही नंबर ठोकलेला असतो, हे मीच ग्रुपवर चार जणांना शिकवलेलं.

"चाक फिरव," मी भावाला म्हणालो.

ते जड बिडाचं, ओतीव लोखंडाचं चाक दोघांनी मिळून हलवलं. गुलाबी, निळा, हिरवा, चंदेरी, पुन्हा सगळे थर. मधल्या दांड्याजवळ ब्रशखाली काहीतरी खडबडीत लागलं. आधी एकचा आकडा दिसला, मग पाचचा. पुढचे मी घासलेच नाहीत. भावानं माझ्या हातातून ब्रश ओढून घेतला आणि तोच घासत सुटला.

आत्याला हाताला धरून आणलं. तिनं बोट ठेवलं. सात. चार. पाच. एक. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग तिनं पदरानं चाकावरचा रंगाचा चुरा पुसला.

भाऊ नाक ओढून म्हणाला, "आता बघा. चाक आपलं अन् धड दुसऱ्याचं. मंग निम्मंच आपलं झालं की."

"तुझ्या दादांचे दात कुठले व्हते रे?" आत्यानं विचारलं.

"अंबाजोगाईच्या दवाखान्यातले."

"वरचे का खालचे?"

"दोनी."

"अन् डोळ्यातलं भिंग?"

"ते बी तिथलंच."

"मंग शेवटची वर्षं मी कुणाला जेवाय वाढीत व्हते?"

भावानं खिशातून मोबाईल काढला आणि सोलरवाल्याला प्लेटा विहिरीच्या दुसऱ्या अंगाला बसवायला सांगितलं. टेम्पो तेवढ्यात आलाच. भंगारवाल्याला चहा दिला आणि मोडका फवारणी पंप दिला. तो जाताना चाकाकडं बघून "बीड लई चांगलं हाय" म्हणाला, तेव्हा आत्यानं खोलीचं दार लोटून घेतलं.

घरी येऊन मी दोन्ही नंबर ग्रुपवर टाकले. उत्तर आलं की चाक धडापेक्षा कितीतरी जुनं आहे. कारखान्यात दोघांची गाठ पडलेलीच नाही. म्हणजे ती माजलगावला फिटरच्या अंगणातच पडली. मी आत्याला फोन करून हे सांगितलं.

"मीबी तुझ्या मामांना मांडवातच पयल्यांदा बघितलं," ती म्हणाली. मग म्हणाली, "दसऱ्याला येताना रंग आण. कंचा बी आण, घरात उरलेला आसंल तो. आकड्यावर मारणार न्हाई."