पहिल्या नंबरचा नियम

माझ्या हातून कागद हरवत नाही, हे मी आयुष्यभर छाती पुढे काढून सांगत आलो. जवाहरनगरच्या सरकारी फॅक्टरीत बत्तीस वर्षं आवक-जावक सेक्शनला काढली. आलेलं टपाल फोडायचं, शिक्का मारायचा, रजिस्टरला चढवायचं आणि ज्याच्या-त्याच्या खणात टाकायचं, हेच काम. निवृत्त होऊन मोहाडीला घर बांधलं तरी खोड गेली नाही. बायको म्हणते, तुम्ही भाजीच्या पिशवीलाही आवक नंबर द्याल. तिचं अगदीच खोटं नाही.

घरी कॉम्प्युटर घेतला आणि बघता बघता माझा ईमेल हा साऱ्या गोतावळ्याचा ईमेल झाला. कुणाचाही फॉर्म भरायचा असो, ईमेलच्या रकान्यात माझा पत्ता. मी कधी नाही म्हटलं नाही, उलट आतून सुखावलो. रिकाम्या माणसाला टपाल येत राहिलं तर बरं वाटतं. त्यातच विहारातल्या लोकांनी आमच्या समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याचं काम माझ्या गळ्यात घातलं. मग काय विचारता, बायोडाट्यांचा पूर आला. लाईटबिलाचा मेल शोधायला गेलो की आधी वीस उपवर मुलांचे फोटो बघावे लागायचे.

तेव्हा मी कॉम्प्युटरवरच्या त्या मेलच्या प्रोग्रॅमला नियम लावून दिले. अमुक शब्द दिसला की मेल अमुक फोल्डरमध्ये, अशी ती सोय असते. पहिल्या नंबरचा नियम अर्थातच बायोडाट्यांचा. कुठल्याही बायोडाट्यात जन्मतारीख आणि उंची असतेच. म्हणून हे दोन्ही शब्द असलेला मेल आला की तो 'स्थळं' नावाच्या फोल्डरमध्ये जायचा आणि वाचला असा समजला जायचा, म्हणजे उगाच ठळक अक्षरं डोळ्यांत खुपायला नकोत. ते फोल्डर मी मेळाव्याच्या दोघा-तिघांना घरी बोलावून महिन्यातून एकदाच उघडायचो. प्रत्येक नियमाखाली 'पुढचे नियम लावू नका' अशी एक चौकट होती. तिथेही मी सगळीकडे खूण करून टाकली. आमच्या सेक्शनची रीतच तशी होती. एका सेक्शनचा शिक्का बसला की कागद त्याचा झाला, दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी तुमसरच्या पुढे बपेऱ्याला असते. वनरक्षकाच्या भरतीचा तिचा फॉर्म मीच भरला होता. मोबाईल नंबर तिच्या वडिलांचा दिला होता, तो मध्यंतरी बंद पडला. पण ईमेल माझा होता, त्यामुळे मी निर्धास्त होतो. लेखी परीक्षेत ती पास झाली. आता धावण्याच्या चाचणीची तारीख ज्याच्या-त्याच्या ईमेलवर येणार होती. भाचीसाठी मी खास वेगळा नियम केला: 'भरती' हा शब्द दिसला की मेल तिच्या नावाच्या फोल्डरमध्ये आणि वर घंटी. तो सातव्या नंबरला बसला. फॅक्टरीत नवीन माणूस यादीत शेवटीच लागतो. त्याला वर घ्यावं असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

या चाचणीवर पोरीचं बरंच काही अवलंबून होतं. लेखीच्या आधी तिचे वडील माझ्यासमोरच तिला म्हणाले होते, या वर्षी झालं तर झालं, नाहीतर स्थळ बघू. माणूस वाईट नाही. दीड एकर धान आणि वर मजुरी, त्यात दोन पोरींची काळजी. पोरीने मान डोलावली होती. रोज पहाटे ती गावाच्या सडकेवर धावायची आणि मला फोन करून किती मिनिटं लागली ते सांगायची.

एके दिवशी दुपारी तिचा फोन आला, पण मिनिटांसाठी नव्हे.

"जय भीम मामा. माह्यासंगच्या पोरीले चार दिवस झाले मेल येऊन. मले काहून नाही आला?"

मी म्हणालो, येईल, तुकड्या-तुकड्यांनी पाठवत असतील. फोन ठेवला आणि कॉम्प्युटर लावला. तिचं फोल्डर रिकामं. इनबॉक्समध्ये नाही, स्पॅममध्ये नाही, कचऱ्यातही नाही. वरच्या शोधायच्या जागी 'भरती' लिहून बघितलं, काही निघालं नाही. ती जागा फक्त उघड्या असलेल्या फोल्डरमध्येच शोधते, हे मला फार नंतर कळलं. मग म्हटलं नियम तपासू. बायकोच्या मोबाईलवरून मलाच एक मेल पाठवला, त्यात एकच शब्द, भरती. टिंग करून घंटी वाजली आणि मेल बरोब्बर भाचीच्या फोल्डरमध्ये पडला. झालं. माझी यंत्रणा चोख, तेव्हा चूक वनखात्याची. मी खात्याच्या नावाने अर्धा तास बोटं मोडली. इतकी वर्षं मी स्वतः सरकारी टपाल वाटलं होतं, हे तेवढ्यापुरतं विसरलो.

बायको बाजाराची पिशवी घेऊन दारात उभी होती. मोहाडीचा आठवडी बाजार होता आणि मी तिला सोडून देणार होतो. ती म्हणाली की खात्याने बाकीच्या पोरींना बरोबर पाठवलं आणि आपल्याच पोरीच्या मेलला पाय फुटले, हे काही तिला पटत नाही. मला राग आला. खरं सांगायचं तर भीती वाटली होती आणि ती रागासारखी बाहेर पडली. मी तिला म्हणालो, तुला यातलं काय कळतं? तिने पिशवी खुंटीला लावली आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली.

ती बसल्यावर मला आमची जुनी तपासणी आठवली. फॅक्टरीत एखादं टपाल रस्त्यात कुठे अडकतंय असा संशय आला, की आम्ही तसंच एक पाकीट तयार करायचो, तोच आकार, तोच पत्ता, आत कोरा कागद. ते नेहमीच्या वाटेने सोडायचं आणि मागोमाग आपण जायचं. मी पाठवलेल्या मेलमध्ये एकच शब्द होता, ते काही खऱ्या टपालासारखं पाकीट नव्हतं. मी भाचीला फोन करून सांगितलं, त्या पोरीला आलेला मेल जसाच्या तसा मामीच्या मोबाईलवर पाठव. तो आला. बायकोने त्यातला मजकूर उचलून माझ्या ईमेलवर सोडला, आणि आम्ही दोघं पडद्याकडे टक लावून बसलो.

मेल इनबॉक्समध्ये दिसला. घंटी वाजली नाही. पापणी लवायच्या आत तो नाहीसा झाला.

"आता तं होता न इथं. कुठी गेला?" बायको म्हणाली.

भाचीच्या फोल्डरमध्ये तो नव्हताच. मी नियमांची यादी उघडली. पहिला नियम तेवढ्यापुरता बंद केला आणि बायकोला म्हटलं, पुन्हा सोड. तिने सोडला. टिंग. मेल भाचीच्या फोल्डरमध्ये जाऊन पडला आणि तिथेच राहिला.

मग मी तो मजकूर शब्द-शब्द वाचला. उमेदवाराने जन्मतारखेचा पुरावा सोबत आणावा, शैक्षणिक कागदपत्रं आणावीत, मैदानावर उंची मोजली जाईल. खाली तक्ता होता. त्यात जन्मतारीख, उंची, सगळं ओळीने. माझ्या पहिल्या नंबरच्या नियमाने तो बायोडाटा धरला होता, शिक्का मारला होता आणि सातव्या नियमाकडे जाऊच दिला नव्हता. चूक खात्याची नव्हती. खाड्कन कुणी मुस्काटात मारावी तसं झालं मला.

'स्थळं' उघडलं. खाली सरकत गेलो. एक इंजिनिअर, एक शिक्षक, एक रेल्वेतला, आणि त्यांच्यामध्ये आमच्या पोरीचं चाचणीचं पत्र, चार दिवसांचं, निमूट पडलेलं. तारीख परवाची, सकाळी सहाला, भंडाऱ्याच्या मैदानावर. परवाची, म्हणजे गेलेली नव्हती. मी दोन्ही हात तोंडावर ठेवून खुर्चीत मागे टेकलो. बायकोने विचारलं, काय झालं, तर मी पडद्याकडे बोट दाखवलं. तिने स्वतः वाचलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच भाचीला फोन लावला. तिकडून पोरीचं रडणं मला इथपर्यंत ऐकू येत होतं. माझेही डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

त्या दोघी बोलत असताना मी पत्र भाचीच्या फोल्डरमध्ये हलवायला गेलो. तेव्हा त्याच्या वरचा मेल दिसला, आदल्या दिवशी आलेला. तुमसरच्या कुठल्याशा ऑनलाईन सेंटरवरून पाठवला होता. मुलीची जन्मतारीख, उंची, शिक्षण बी.ए. मामाच्या रकान्यात लिहिलं होतं: मोहाडी, फॅक्टरीतून सेवानिवृत्त. मामा म्हणजे मीच. भाचीच्या वडिलांनी तिचा बायोडाटा मेळाव्यासाठी धाडला होता. तिच्यासंगच्या पोरीला पत्र आलं, आपल्या पोरीला नाही, म्हणजे संपलं, असा त्यांनी हिशोब केला असणार. तो माझ्यामुळेच झाला होता. पोरीला याचा पत्ता नव्हता, हे तिच्या रडण्यावरूनच कळत होतं.

मी तो मेल बंद केला. बायकोलाही काही बोललो नाही. पहिल्या नियमात सुधारणा केली, खात्याच्या पत्त्यावरून येणारं काहीही 'स्थळं'मध्ये जाणार नाही असं लिहिलं, आणि भाचीचा नियम ओढून एक नंबरवर नेऊन ठेवला. 'पुढचे नियम लावू नका'च्या साऱ्या खुणाही काढून टाकल्या. मग बाजारात गेलो. अंधार पडेपर्यंत आम्ही वांगी निवडत होतो आणि उगाच हसत होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाची आणि तिचे वडील आमच्याकडे मुक्कामाला आले. बपेऱ्याहून सकाळी सहाला भंडारा गाठणं काही शक्य नव्हतं. धान कापणीचे दिवस होते, तरी त्यांनी एका दिवसाची मजुरी सोडली होती. पोरीने जेवताना मला चिडवून घेतलं, मामांनी मला नवऱ्यांमध्ये लपवून ठेवलं होतं म्हणून. सगळे हसले. तिचे वडील हसले नाहीत, त्यांनी भाताचा घास तसाच धरून ठेवला.

सकाळी मैदानावर मी आणि तिचे वडील कुंपणापाशी उभे होतो. आधी उंची मोजली, ती मापात बसली. मग तीन किलोमीटर. पहिल्या फेरीत ती मागे होती, म्हणून मी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं. शेवटच्या फेरीत तिच्या वडिलांनी कुंपणाची तार घट्ट धरली होती. ती रेषेपार गेली, गुडघ्यांवर हात टेकून वाकली, आणि साहेबाने तिच्या नंबरासमोर खूण केली. वेळेत. वडिलांनी तार सोडली. त्यांच्या तळव्यावर तारेचा वळ उठला होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"भाऊ, म्या तुमाले एक मेल धाडला होता. पोरीचा बायोडाटा. कोनाले दाखवला काय?"

"मले भेटलाच नाही जवाईबापू," मी म्हणालो. "हरवला असन कुठीतरी कॉम्प्युटरात."

"बरं झालं," ते म्हणाले. "आता नाही धाडत."

पोर घामाघूम होऊन आमच्याकडे येत होती. ते पाण्याची बाटली घेऊन तिच्याकडे निघाले, जवळजवळ पळतच.

आता ती जंगलात ड्यूटीला आहे. तिचा स्वतःचा ईमेल आहे, आणि माझ्या कॉम्प्युटरवरचं तिचं फोल्डर रिकामं पडलंय. माझ्या हातून कागद हरवत नाही, हे मात्र मी आता कुणाला सांगत नाही. एक हरवलाय. 'स्थळं' फोल्डरमध्ये इंजिनिअरच्या खाली आणि शिक्षकाच्या वर आहे तो, पण कुणी विचारलं तर सापडत नाही.