पहिलीच्या वर्गाची फरशी

माझ्या बहिणीच्या शाळेच्या सचिवांनी तिला फसवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेच्या फरश्या बदलायच्या होत्या. तेव्हा सगळ्या शिक्षकांसमोर त्यांनी तिला शब्द दिला होता, "मॅडम, तुमच्या वर्गाला हात लावणार नाही." जूनच्या अखेरीस शाळा उघडली, तेव्हा तिच्या पहिलीच्या वर्गातली जुनी खरखरीत शहाबादी फरशी उखडून टाकलेली होती आणि तिथे आरशासारख्या टाइल्स चकाकत होत्या.

फरशीसाठी एवढं पेटायचं कशाला, असं मला पुष्कळांनी विचारलं. ताई कशी शिकवते हे त्यांना माहीत नाही.

ताईला लहानपणी पोलिओ झाला. उजवा पाय वाढलाच नाही. कॅलिपर लावून, कुबडी टेकत ती चालते. फळ्यावर लिहायचं तर एक हात कुबडीला, एक खडूला आणि पाठ मुलांकडे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिने फळ्याचा नाद सोडला. ती खाली बसते आणि सरकत सरकत जमिनीवर अक्षर काढते, भिंतीपासून भिंतीपर्यंत. मग मुलं अनवाणी त्या अक्षरावरून चालतात. खडू जिथे टेकला तिथून निघायचं, तो जसा वळला तसं वळायचं. असं चार दिवस पाय वळले की मग पाटीवर हात आपोआप वळतो. इतर वर्गांत बाक असतात, तिच्या वर्गात नुसती जमीन.

सुरुवातीला पालक भडकले होते. आपल्याकडे पुस्तकाला चुकून पाय लागला तरी हात कपाळाला जातो, आणि ही बाई मुलांना अक्षरं तुडवायला लावते! ताई त्यांना म्हणाली, "देवळात तुम्ही पाय ठेवूनच जाता नं? नमस्कार करून जाता. माझे पोट्टेही तसेच जातेत." तेव्हापासून वर्गाचा शिरस्ताच पडला. आधी वाकून अक्षराला नमस्कार, मग चालणं.

आता गुळगुळीत टाइलवर खडू उमटत नाही, आणि कुबडी सटकते. हे मी अंदाजाने बोलत नाही. सीताबर्डीला माझं चपलांचं दुकान आहे. कोणता तळवा कोणत्या फरशीवर धरतो आणि कुठे दगा देतो, हे मला झोपेतून उठवून विचारा.

त्या दुकानाचं मूळही ताईच्या पायांतच आहे. तिच्या दोन पायांची मापं वेगळी. दुकानदार म्हणायचे, जोड तोडून मिळणार नाही, दोन जोड घ्या. बाबा मुकाट्याने दोन जोड घ्यायचे आणि घरात एकेक सुटी चप्पल पडून राहायची. मी शाळकरी होतो, पण मला ते सहन व्हायचं नाही. दुकानाबाहेर नमुना म्हणून टांगलेली चप्पल उन्हाने विटते आणि आत तिची जोडीदारीण एकटी पडते, हे मी हेरलं. मग दुकानादुकानांतून तशा एकट्या पडलेल्या चपला मागायचो, भांडायचो, हाकललं की पुन्हा जायचो. ताईसाठी एक मोठी, एक लहान अशी जुळवून आणायचो. भाव करणं मी तिथे शिकलो. पुढे फुटपाथवर पथारी टाकली, मग गाळा घेतला. कोणी हात धरून वर आणलेलं नाही.

म्हणून टाइल्सचं कळलं त्या दिवशी दुकान नोकरावर टाकून मी थेट सचिवांच्या ऑफिसात गेलो. ताई तिथेच बसलेली होती.

"बसा, बसा," सचिव म्हणाले. "नव्या फरश्यांच्या उद्घाटनाला पाहुणे येऊन राहिले होते. एकच खोली कशी काळी ठेवणार? शाळेची शोभा जाते."

"अन् शब्द गेला त्याचं काय, साहेब?"

"आम्ही मॅडमच्या भल्याचाच विचार केला. आता त्या फरशीवर त्यांना वर्ग घेणं अवघड. मग त्यांनी इथे ऑफिसात बसावं. खुर्ची, पंखा, रजिस्टरचं हलकं काम. खूप सोसलं त्यांनी. पहिलीवर नवीन मॅडम देऊ."

आधी पायाखालची जमीन काढून घ्यायची आणि मग पडशील म्हणून खुर्ची द्यायची! माझं डोकं सणकलं. मी टेबलावर हात आपटला. ते सतरंजी द्यायला तयार झाले, मी खडबडीत फरशीच हवी म्हणून अडून बसलो. ते डिजिटल फळ्यावर आले, मी म्हटलं, तो फळा आपल्या घरी लावा. सौदा रंगात आला होता. गिऱ्हाईक कधी नमतं हे मला कळतं, आणि सचिव नमायला आले होते.

तेवढ्यात ताई म्हणाली, "काहून भांडून राहिला गा? वर्ग का चप्पल आहे, भाव करायले?"

"तू कशी चूप राहून राहिली वं ताई? तुझा वर्ग चालला!"

"मी कुठं देऊन राहिली?" असं म्हणून ती कुबडी टेकत उठली. "साहेब, खुर्ची राहू द्या. कोणी आलं-गेलं तर बसायले होईल."

दुसऱ्या दिवशी तिने वर्ग व्हरांड्यात मांडला. टाइल्स फक्त खोल्यांमध्ये लागल्या होत्या. व्हरांड्यात जुनी शहाबादी तशीच होती, कारण पाहुण्यांसाठी तिथे लाल गालिचा अंथरायचा होता. ताईने खाली बसून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अक्षर काढलं.

मधली सुट्टी झाली तेव्हा मी फाटकाशी उभा होतो. वाटलं, आता वरच्या वर्गांची पोरं सुसाट येतील आणि सगळं पुसून टाकतील. पोरं धावत आलीही. पण पुढची मुलगी अक्षरापाशी थबकली. सातवी-आठवीतली असेल. तिने पायातले बूट काढले, वाकून नमस्कार केला आणि वळणावळणाने अक्षरावरून चालत पलीकडे गेली. तिच्यामागे दुसरी, मग तिसरा. ही सगळी ताईच्याच हाताखालून गेलेली. खिदळत होती, एकमेकांना ढकलत होती, "ए, वळणं खाऊ नको बे!" म्हणून ओरडत होती, पण एकानेही अक्षर ओलांडलं नाही.

एवढ्यात सचिव आले. ऑफिसचं दार व्हरांड्याच्या पलीकडच्या टोकाला. ते अक्षराच्या काठाशी उभे राहिले. पायात बूट, समोर अक्षर, आणि सगळी शाळा बघत असलेली.

"मॅडम, मला जरा ऑफिसात जायचं आहे."

"या नं साहेब," ताई बसल्या जागेवरून म्हणाली. "पोट्टे जातेत तसेच या. बूट तेवढे काढा."

सचिवांनी इकडेतिकडे पाहिलं, पायरी उतरले आणि मैदानातल्या चिखलातून वळसा घालून मागच्या दाराने आत गेले. ताईने तोंडाला पदर लावला. मी मात्र खुशाल हसलो.

तेव्हापासून ते मागच्याच दाराने जातात. पहिलीवर नेमलेली नवी मॅडम ताईशेजारी जमिनीवर बसते आणि अक्षर कसं काढायचं ते शिकते. तिने स्वतःच तसं मागितलं. पावसाची झड आली की पालक ताडपत्री धरून उभे राहतात. एकेकाळी भडकलेलेही त्यांत आहेत. पोरं लिहायला लागली आहेत. ऑफिसातल्या खुर्चीवर फायली पडलेल्या असतात.

आणि आता ऐकतो आहे की दिवाळीच्या सुट्टीत व्हरांड्यालाही टाइल्स लागणार.

सचिवसाहेब, शोभेचं कारण मी ऐकलं, भल्याचंही ऐकलं. शब्द दिलात तेव्हाच तो मोडायचं ठरलं होतं का, हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही. ते मला सांगू नका, मी चपला विकणारा माणूस. दिवाळीच्या आधी एकदा पुढच्या दाराने या, व्हरांड्यात बूट काढा, अक्षरावरून चालत ताईपर्यंत जा, आणि तिच्या मुलांदेखत तिला उत्तर द्या.